फाट्यावरचे कॉलेज

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणतात, आणि पुण्यात शिकवून पोट भरणारी आम्ही माणसे ते ऐकून मनातल्या मनात थोडी फुगतोही. पण माहेर म्हटले की सासुरवाशीण आली, सासुरवाशीण म्हटली की तिला माहेरी पोचवणारा रस्ता आला, रस्त्यावरचा फाटा आला आणि फाट्यावर गाडीची वाट पाहणेही आले. माहेराची थोरवी सांगणारे पुष्कळ आहेत. फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली निघाले, आजचे स. प. महाविद्यालय १९१६ साली सुरू झाले, विद्यापीठ १९४९ साली आले, हे आपल्याकडे शाळकरी पोरदेखील सांगेल. फाट्याची थोरवी मात्र कुणी सांगत नाही. ती सांगण्याचा आज विचार आहे.

फाटा कापूरहोळचा. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, कात्रज मागे टाकला, खेड-शिवापूर गेले, नसरापूरचा चेलाडी फाटा गेला, की पुढे कापूरहोळ लागते. पुण्यापासून चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर. तालुका भोर. येथे महामार्गाच्या उजव्या हाताला रस्ता फुटतो तो भोर गावी जातो आणि पुढे वरंध घाटाने महाडकडे कोकणात उतरतो. डाव्या हाताचा रस्ता केतकावळ्याच्या बालाजीवरून नारायणपूर, पुरंदर आणि सासवडकडे जातो. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे गाव मोटारीच्या काचेतून पाहिलेले असणार. ‘बालाजीला वळायचे ते हेच ना?’ एवढीच त्याची आणि आपली ओळख. चहा घ्यायचा, मुलांना वेफर्सची पुडी घ्यायची आणि पुढे निघायचे.

पण हाच फाटा पहाटे साडेपाचला पाहावा. तेव्हा तेथे देवदर्शनाची मोटार नसते. दुधाचे कॅन असतात, भाजीची गाठोडी असतात, शिरवळच्या आणि खेड-शिवापूरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारे कामगार असतात. आणि पाठीवर दप्तर, हातात डबा, डोळ्यांत अर्धी झोप अशी मुले-मुली असतात. त्यांतली काही भोरच्या महाविद्यालयात जातात. काही जवळच्याच धांगवडीला, अभियांत्रिकीच्या कॉलेजात. आणि पुष्कळशी उत्तरेकडे तोंड करून स्वारगेटच्या गाडीची वाट पाहतात. टपरीवाल्याने पहिला चहा उकळला की कॉलेजची पहिली घंटा झाली म्हणावी! आमच्या वर्गात साडेसातला जी हजेरी होते, ती खरी येथे साडेपाचला होऊन गेलेली असते.

शिकायला म्हणून खेड्यातून पुण्यात येणे ही काही आजची गोष्ट नव्हे. पूर्वी गरिबाचा मुलगा येई तो वारांवर जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणी माधुकरी मागे. ही परवड पाहून १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले; तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. पुढे १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली आणि खेड्यांतल्या शेकडो पोरांना छप्पर आणि ताट दिले. तिकडे साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून ‘कमवा आणि शिका’ असा मंत्र दिला होता. ही सारी मोठ्यांची, इतिहासात नोंदलेली कामे. पण एक छोटी व्यवस्था अशी होती, की तिचा संस्थापक कुणी नाही, तिची घटना नाही, तिचा वर्धापनदिन नाही. ती म्हणजे एसटीने येणारा डबा.

एसटीची पहिली गाडी धावली ती १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर अशी. मग हळूहळू लाल गाडी गावोगाव पोचू लागली, आणि तिच्या मागोमाग डबा पुण्यात पोचू लागला. आमचे एक जुने सहकारी आहेत, आता ऐंशीच्या पुढचे, मूळचे भोरकडचे. ते सांगतात, “पहाटेच्या गाडीला आई डबा आणून द्यायची. डब्याला फडके बांधलेले, फडक्यावर लाल दोऱ्याने माझे नाव. ड्रायव्हर डबे आपल्या पायाशी रचून ठेवी. नऊ वाजता आम्ही पाच-सात पोरे स्वारगेटला उभी. आपापला डबा उचलायचा, कालचा रिकामा ठेवायचा. चार भाकरी असत. दोन आत्ता, दोन रात्री.”

मी म्हटले, “रात्रीपर्यंत भाकरी वाळून जात असेल.”

“भाकरी वाळायची,” ते म्हणाले, “पण घर ताजे राहायचे. डब्यावरून घरचे सगळे कळे. तांदळाची भाकरी आली म्हणजे सुगी झाली. भाजीत तेल दिसले की दुधाचे पैसे आले. चाराच्या तीन भाकरी झाल्या की समजावे, कणगीचा तळ दिसू लागला. मग मी रिकाम्या डब्यात चिठ्ठी घालायचो, ‘मला येथे एक वेळ जेवण मिळते, दोनच भाकरी पाठवा.’ मिळत नसे बरे का! पण आईला अक्षर वाचता येत नव्हते. चिठ्ठी मास्तरांकडून वाचून घ्यावी लागे. मास्तर शहाणे होते. ते तिला वाचून दाखवायचे, ‘पोरगा म्हणतो, भाकरी चांगल्या होतात.’”

ही हकीकत ऐकली त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. पुण्याला विद्येचे माहेरघर करणाऱ्यांत या तीन भाकऱ्यांचे नाव कुठे घालायचे?

दुसऱ्याचे लेकरू वाढवणे हे कापूरहोळला मात्र नवे नाही. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाई आजारी, बाळाला दूध पुरेना. तेव्हा दूधआई म्हणून गडावर गेली ती या कापूरहोळची धाराऊ, गाडे पाटलांच्या घरची. पुढे दोन वर्षांत, १६५९ साली, सईबाई राजगडावर वारल्या. स्वराज्याच्या इतिहासात तलवारींची नावे पुष्कळ आहेत. धाराऊचे नाव दुधाचे आहे. पुरंदर येथून डाव्या हाताला, राजगड उजव्या अंगाला. आणि मधल्या या गावातली एक बाई आपले दूध घेऊन गडावर गेली. गावातली म्हातारी माणसे हे सांगताना आजही जरा ताठ बसतात.

आता काळ पालटला. रस्ता रुंद झाला, पुण्यात गल्लोगल्ली खाणावळी आणि पोळी-भाजीची केंद्रे निघाली. पूर्वी पोराकडे डबा जात असे. आता पोरगीच डबा घेऊन जाते आणि संध्याकाळी परत येते. ‘पोरगी’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. मुलगा पुण्यात चार मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो, रात्री अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची पुस्तके उलटतो. घरून तांदळाचे पोते आले की त्याचे निभते. मुलीला खोलीवर ठेवायला घरचे मन धजत नाही, आणि वसतिगृहाचा खर्च झेपत नाही. म्हणून ती रोज ये-जा करते. तिचे शिक्षण पुस्तकावर कमी आणि गाडीवर जास्त अवलंबून असते.

हा हिशेब एकदा समजून घेण्यासारखा आहे. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्याने भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा असतो. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट मिळतो. म्हणजे बारावी झाली, की पुढे शिकवायचे का हा प्रश्न घरात पासाच्या रूपाने उभा राहतो. पैसा फार नसेल. पण ज्या घरात एकीला खर्च करायचा तर दुसऱ्याचा थांबवावा लागतो, तेथे थोडाही पुष्कळ असतो.

आमच्या मराठीच्या वर्गात अशी एक मुलगी होती. कापूरहोळपासून आत, एका वाडीवरची. पहाटे चारला उठायची, गोठा झाडायची, भाकऱ्या थापायची, भावाच्या मोटरसायकलवर फाट्यावर यायची, स्वारगेटला उतरून दुसरी बस धरायची आणि साडेसातला वर्गात पहिल्या बाकावर बसायची. दुपारी हाच प्रवास उलटा. वर्गात चार तास बसण्यासाठी रस्त्यावरही जवळजवळ तितकेच तास. ती कधी तक्रार करताना मी ऐकले नाही. उलट म्हणायची, “मॅडम, गाडीत खिडकी मिळाली की कविता पाठ होतात.”

ऑक्टोबर २०२१ मध्ये करोनानंतर महाविद्यालये उघडली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. संप करणाऱ्यांच्याही घरी चुली होत्या आणि त्यांची दुःखे खोटी नव्हती. त्यांना येथे बोल लावायचा नाही. सांगायचे ते एवढेच, की गाड्या थांबल्या तेव्हा वर्गात कोण दिसेनासे झाले ते पाहण्यासारखे होते. शहरातली मुले येत होती. खेड्यातले मुलगे वडापला लोंबकळून, मालमोटारीला हात करून येत होते. मुली मात्र एकेक करून गळाल्या. आमच्या या वाडीवरच्या मुलीचे आणि त्याच रस्त्यावरच्या आणखी तिघींचे बाक रिकामे पडले.

फेब्रुवारीत हजेरीची यादी लागली. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम. चौघींची नावे यादीत. विभागात चर्चा निघाली. मी म्हटले, यांना सवलत द्यावी. आमच्याकडे व्याकरण शिकवणारे एक सर आहेत. माणूस शुद्धलेखनाच्या बाबतीत यमासारखा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्यांना ताप भरतो! ते म्हणाले, “नियमाचा कणा एकदा वाकला की पुन्हा सरळ होत नाही. आज यांना सूट दिलीत तर उद्या डेक्कनवर कॉफी पीत बसणारेही संपाचे नाव सांगतील.”

“मग काय, मुलींनी वर्ष घालवायचे?” मी विचारले.

सर जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तसे मी कुठे म्हटले? नियम तास भरला पाहिजे म्हणतो. तास कुठे भरला पाहिजे हे नियमात कुठे लिहिले आहे? मुलींना येथे येता येत नसेल तर तास तिकडे न्या.”

प्राचार्यांची लेखी परवानगी निघाली, आणि पुढच्या रविवारी सर आपल्या जुन्या मोटारीतून निघाले. शेजारी मी, मागच्या सीटवर फळा. फाट्यापासून जवळच्या एका घराची पडवी चौघींनी मिळवून ठेवली होती. शेणाने सारवलेली, वर एक मिणमिणता दिवा. असे सहा रविवार आम्ही गेलो. पहिल्या रविवारी चार मुली होत्या. तिसऱ्या रविवारी भोरच्या कॉलेजातल्या दोघी येऊन बसल्या, कुणाचा तरी भाऊ बसला, आणि उंबऱ्यावर तर सगळी वाडीच बसली.

सरांनी त्या दिवशी बोलीभाषेचा धडा काढला. पुस्तकातली उदाहरणे विदर्भाची होती. सरांनी पुस्तक मिटले आणि म्हणाले, “तुमच्या भाताचे शब्द सांगा.” आणि मग काय विचारता! राब भाजणे, तरवा, चिखलणी, लावणी, बेणणी, खाचर, बांध, भारा, झोडणी, उडवी. एक शब्द मुलीने सांगावा आणि त्याची दुरुस्ती उंबऱ्यावरून म्हातारीने करावी. फळा भरला. सर खडू हातात धरून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “हे सगळे माझ्या कोशात नाही हो.” यमाच्या तोंडून हे ऐकून मला हसू आवरेना.

त्या वाडीवरच्या मुलीची आजी तेथेच होती. तास संपल्यावर माझ्याजवळ आली. “बाई, एक इचारू का? ही पोरगी तुमच्या कालेजात निजती का वो? घरात तर चारला उठती, दिवसभर डोळा लावीत न्हाई.”

मी म्हटले, “नाही आजी, सगळ्यांत जागी तीच असते.”

“मग बरं,” आजी म्हणाली. “म्या कधी साळंत गेले न्हाई. पर घरात कुनीतरी जागं पायजेल.”

संपाच्या उरलेल्या दिवसांत परीक्षेच्या कामासाठी पुण्याला येणे या चौघींना चुकणार नव्हते. तेव्हा त्यांना कात्रजपर्यंत आणले ते एका दूधवाल्याने, आपल्या टेम्पोत, कॅनांच्या शेजारी फळी टाकून. त्याने भाडे घेतले नाही. मी एकदा त्याला विचारले, तर तो म्हणाला, “बाई, गाडी दुधाची हाय. दूध तर जायचंच हाय पुन्याला. त्या चौघी बसल्या म्हनून काय जड झालं?” धाराऊच्या गावच्या रस्त्यावर ऐकलेले हे वाक्य. त्याला ते सहज सुचले होते. मी मात्र घरी जाऊन वहीत टिपून ठेवले.

चौघींपैकी तिघी त्या वर्षी परीक्षेला बसल्या आणि पास झाल्या. चौथीचे लग्न मार्चमध्ये ठरले. सहाव्या रविवारी ती आली होती ती हळदीच्या हातांनी. तास पुरा होईपर्यंत बसली, वहीत सगळे उतरवून घेतले, आणि वही मैत्रिणीला देऊन गेली. तिचे काय चुकले, कुणाचे काय चुकले, मला सांगता येणार नाही. गाड्या वेळेवर धावत असत्या तर ते लग्न दोन वर्षे पुढे गेले असते का, हा प्रश्न मी आणि सर परतीच्या वाटेवर एकमेकांना विचारीत होतो. शिवापूरपर्यंत उत्तर सापडले नाही. पुढे आम्ही दोघेही गप्प बसलो.

वाडीवरची मुलगी आता बी.एड. करते आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना एसटीत तिकीट नाही, आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धे तिकीट झाले. तेव्हा आजी एकदा नातीबरोबर पुण्याला येऊन आमचे कॉलेज पाहून गेली. दगडी जिना चढताना दम लागला तेव्हा म्हणाली, “गडच हाय की वो! पर पायऱ्या बऱ्या हायती.”

विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुल्यांचे नाव मिळाले. त्यांचे जन्मगाव नायगाव याच रस्त्यावर पुढे, शिरवळच्या बाजूला. म्हणजे मुलींच्या शिक्षणाची गोष्ट जिने पुण्यात सुरू केली, तीही या दिशेनेच पुण्यात आली होती. तेव्हा एसटी नव्हती, पास नव्हता, फाटाही नव्हता. आज ते सारे आहे; आणि तरीही एखाद्या मुलीचे वर्ष एका न आलेल्या गाडीवर अडते, हे आपण ध्यानात ठेवलेले बरे.

आता दिवाळी आली. आपल्याकडे भाजणीचा वास सुटला असेल, मुलांना सुट्टी लागली असेल. कापूरहोळ-भोरच्या खाचरांत याच दिवसांत इंद्रायणीची कापणी असते. कॉलेजला सुट्टी लागली की पुण्याहून गेलेली मुले-मुली विळा घेऊन खाचरात उतरतात. त्यांच्या सुट्टीचा अभ्यासक्रम ठरलेला: कापणी, भारे बांधणे, झोडणी. नव्या तांदळाचे पहिले पोते जेथे मुलगा शिकतो त्या खोलीकडे रवाना होते, आणि आपल्या घरी जो सुवासिक भात शिजतो त्यातलाही काही याच वाटेने येतो.

सुट्टीत आपण बालाजीला जाल, नारायणपूरला जाल, नसरापूरच्या बनेश्वराला जाल. जरूर जा. येताना फाट्यावर चहाला थांबलात आणि दप्तर घेतलेली एखादी पोर हात दाखवताना दिसली, तर तिला विचारा, ‘कुठल्या वर्षाला आहेस?’ आपल्या गाडीत घरची बायकामाणसे असतील आणि एक जागा रिकामी असेल, तर तेही विचारा. आणि पुण्यात आपल्या शेजारी अशी मुलगी खोली शोधत आली, तर भाडे सांगण्याआधी तिला पाणी द्या. ती पहाटे चारला उठलेली असते.

आमच्या सरांनी त्या फळ्यावरचे शब्द उतरवून घेतले होते. आता ते त्यांच्या टेबलाच्या खणात आहेत, बेचाळीस शब्द, सुवाच्य अक्षरात. दर वर्षी बोलीभाषेचा धडा आला की सर तो कागद काढतात, फळ्यावर उतरवतात आणि खाली शिक्षिकेचे नाव घालतात. नाव आजीचे असते.